घरातले दोन ताप

त्या वर्षी थंडी सरता सरता आमच्या घरात एकाच वेळी दोन ताप होते. वरच्या खोलीत माझी मुलगी तापली होती. तिचा फ्लू नवीन प्रकारचा होता, टीव्हीवर दिवसभर ज्याच्या बातम्या चालायच्या तो. खालच्या खोलीत माझे वडील तापले होते. त्यांचा साधा होता, दरवर्षी येतो तो. नव्याला आम्ही सगळे घाबरलो आणि मुलगी बरी झाली. साध्याला कोणीच घाबरलं नाही आणि बाबा गेले.

हे मी इतकं सरळ सांगते याचं लोकांना नवल वाटतं. बाबा गेल्यावर येणारी प्रत्येक बाई मला म्हणायची, रडून घे, मोकळी हो. मी समोर बसायची, पण रडू यायचं नाही. दात काढण्याआधी भूल देतात आणि गाल काही वेळ आपला राहत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. हात कामं करत होते. चहा ठेवत होते, गाद्या उचलत होते. मी कुठे होते ते मला सांगता येणार नाही.

बाबा खापरखेड्याच्या कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. माझं लहानपण तिथल्या कॉलनीत गेलं. तिथे धुणं वाळत घालण्याआधी दोरी ओल्या फडक्याने पुसायची पद्धत होती, नाहीतर पांढऱ्या सदऱ्यावर राखेची करडी रेघ उमटायची. खोकला घरोघरी होता. त्याला राखेचा खोकला म्हणायचे आणि त्याचं औषध कोणी घेत नसे, कारण सगळ्यांनाच जे असतं त्याला आजार म्हणायची रीत नाही. सकाळी बाबा मोरीपाशी उभे राहून मनसोक्त खोकायचे आणि शेजारच्या काकू तेवढ्या आवाजावर आपल्या मुलांना शाळेसाठी उठवायच्या.

एकदा कॉलनीतल्या आम्हा मुलांना केंद्र दाखवायला नेलं होतं. कंट्रोल रूममध्ये भिंतभर पॅनेल होतं आणि त्यावर काचेच्या लहान लहान चौकोनी खिडक्या, प्रत्येकीच्या मागे एक दिवा. कुठे काही बिघडलं की भोंगा वाजायचा आणि त्या जागेची खिडकी लुकलुकायची. ऑपरेटरने बटण दाबलं की भोंगा थांबायचा, दिवा मात्र दुरुस्ती होईपर्यंत जळत राहायचा. आम्ही गेलो तेव्हा भोंगा वगैरे काही वाजत नव्हता, तरी कोपऱ्यातले काही दिवे लागलेले होते. मी विचारलं, "बाबा, ते काहून लागले?"

"ते नेहमीचे हायेत," बाबा म्हणाले. "त्यायच्याकडे कोणी पाहत नाही."

पाळी बदलताना येणारा ऑपरेटर जाणाऱ्याला एकच विचारायचा, "नवीन काही?" जाणारा म्हणायचा, "नवीन काही नाही, बाकी नेहमीचं." एवढ्यावर पाळी ताब्यात. हा प्रश्न बाबांनी घरीही आणला. ड्यूटीवरून आले की चपला काढता काढता आईला विचारायचे, "नवीन काही?" आई म्हणायची, "नेहमीचंच." आई गेली, बाबा निवृत्त झाले, कॉलनीतलं क्वार्टर सोडून नागपुरात माझ्याकडे राहायला आले, आणि तो प्रश्न माझ्या वाट्याला आला. मी त्यांची एकुलती एक. सकाळी चहाचा कप हातात घेताना ते म्हणायचे, "नवीन काही, बाई?" मी म्हणायची, "नेहमीचंच." कधी कधी खरंच काही नवीन असायचं, तरी मी हेच म्हणायची. नवीन सांगितलं की ते पार नट-बोल्ट उघडून चौकशी करायचे आणि माझी सकाळची कामं खोळंबायची.

त्यांच्यासोबत त्यांचा खोकलाही आमच्याकडे राहायला आला. सुरुवातीला माझा नवरा दचकायचा. पुढे आम्हाला तो ऐकू येईनासा झाला. अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात ती फक्त माणसांचीच होते असं नाही.

माझा नवरा गांधीबागेत ठोक कापडाच्या दुकानात काउंटरवर असतो. सासरी पूर्वी हातमाग होते, आता कापड विणायचं नाही, फक्त उलगडून दाखवायचं. मी घरी मशीनवर साड्यांना फॉल-पिको करते. त्या दिवसांत लग्नसराई जोरात होती आणि नवऱ्याला सर्दी झाली होती. नाक गळत होतं, अंग मोडून आलं होतं. मी म्हटलं, दोन दिवस घरी राहा. तो म्हणाला, "सीझनमंधी घरी बसू काय?" एक गोळी घेतली, नाकाला रुमाल बांधला आणि गेला. संध्याकाळी आला की बाबांच्या खाटेवर बसायचा. सासरे-जावई एका वाटीतले भाजलेले दाणे खात बातम्या बघायचे आणि मंत्र्यांना नावं ठेवायचे. बातम्यांत नवीन फ्लू होता. नवरा रुमालात शिंकायचा आणि म्हणायचा, "काही खरं नाही बाप्पा, पुन्हा लॉकडाऊन लावते का काय!" बाबा म्हणायचे, "नव्याचे नऊ दिवस. होईल जुना." नवऱ्याच्या सर्दीबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही. सर्दीवर काय बोलायचं असतं?

त्याच आठवड्यात मुलगी पुण्याहून आली. ती तिथे नोकरी करते. मैत्रिणीच्या लग्नासाठी आली आणि घशात खवखव घेऊन आली. संध्याकाळपर्यंत तिला असा ताप चढला की कपाळावर ठेवलेली पट्टी गरम होऊन निघायची. तिच्या ऑफिसमध्ये दोघा-तिघांना नवीन फ्लू निघाला होता, हे तिने तापातच सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबाही कण्हत उठले. त्यांचा ताप तिच्याइतका नव्हता. खोकला मात्र वाढला होता, म्हणजे आता आठवून वाटतं की वाढला असावा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. त्यांनी दोघांच्याही घशातले नमुने घेऊन तपासायला पाठवले. रिपोर्ट मोबाईलवर आले. त्यात इंग्रजी अक्षरं आणि आकडे होते, म्हणून मी आणि नवरा दवाखान्यात समजून घ्यायला गेलो.

बाईंनी दोन्ही वाचले. "मुलीचा नवीन प्रकारचा आहे," त्या म्हणाल्या. "आजोबांचा तो नाही. त्यांचा नेहमीचा, हंगामी."

नवऱ्याने मोठा श्वास सोडला. खरं सांगते, मीही सोडला.

बाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. त्यांनी जे सांगितलं ते मला आज शब्दन् शब्द आठवतं. तेव्हा मी मान हलवत होते आणि अर्धं लक्ष वरच्या खोलीत होतं. त्या म्हणाल्या, नव्या विषाणूची आपल्या शरीराला ओळख नसते, म्हणून तो भराभर पसरतो, तरुणांनाही आडवं करतो, आणि पुढे कसा वागेल हे कोणालाच नक्की माहीत नसतं. नेहमीच्याची थोडीफार ओळख असते, म्हणून बहुतेकांना तो अंथरुणात टाकून सोडून देतो. पण नेहमीचा म्हणजे हलका नव्हे. वय झालेलं असेल, छाती आधीच खराब असेल, तर हाच दरवर्षी माणसं नेतो. बातमी होत नाही एवढंच. "तुमच्या मुलीपेक्षा मला आजोबांची काळजी जास्त आहे," असंही त्या म्हणाल्या. दोघांनाही विषाणूवरची सारखीच गोळी लिहून दिली, लवकर सुरू करा म्हणाल्या. आजोबांना दरवर्षीची लस दिली होती का, हेही विचारलं. दिली नव्हती. तशी लस असते हे आम्हाला कोरोनानंतर ऐकून माहीत होतं, पण ती आपल्यासाठी असते असं कधी वाटलं नव्हतं.

दवाखान्यातून बाहेर पडताना नवरा म्हणाला, "चला, एकाचा तरी साधा निघाला." बाई एवढं बोलल्या आणि आम्ही घरी घेऊन आलो तो एकच शब्द. घरी आल्यावर मी बाबांना सांगितलं, "बाबा, तुमचा साधा आहे." त्यांचा चेहरा खुलला. लगेच फोन घेऊन त्यांनी उमरेडला आपल्या धाकट्या बहिणीला, माझ्या आत्याला, कळवलं. "मले काही नाही झालं, माया साधा हाय. पोरीचं मात्र कठीण हाय वं." मग कॉलनीतल्या जुन्या सोबत्यांना एकेक फोन. परीक्षेत पास झाल्यासारखे सांगत होते. भोंगा बंद झाला होता.

मग आम्ही सगळे नव्याच्या मागे लागलो. मुलीची खोली बंद केली. तिच्यासाठी एक स्टीलचं ताट वेगळं काढलं आणि ओळखू यावं म्हणून त्याच्या काठाला मी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. ताट दाराबाहेर ठेवायचं, दार वाजवायचं, मागे व्हायचं. कोरोनाच्या वेळी घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र घरात एकच होतं, ते वर गेलं. थर्मामीटर वर गेला. वाफेचं भांडंही वर गेलं. खाली बाबांच्या कपाळाला मी येता-जाता हात लावायची.

गोळ्या मिळेनात. नव्या फ्लूच्या भीतीने लोकांनी त्या घेऊन ठेवल्या होत्या. नवरा सीताबर्डीपर्यंत सगळी मेडिकल पालथी घालून आला तेव्हा एकाच माणसाला पुरतील एवढ्या मिळाल्या. दुसऱ्या येणार होत्या, येतीलच म्हणाले होते. त्याने पाकीट बाबांच्या खाटेवर ठेवलं. विचार करायला कोणी वेळच घेतला नाही. बाबांनी ते पाकीट उचलून माझ्या हातात दिलं. "पोरीले दे. साध्याले कायले एवढी भारी गोळी?"

यात त्यांनी त्याग वगैरे केला असं मला मुळीच वाटत नाही. तसं त्यांनाही वाटलं नव्हतं. खिचडीत मीठ कमी आहे हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं असतं, त्याच आवाजात सांगितलं. आणि मी पाकीट घेऊन जिना चढले.

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात. मुलीचं तसंच झालं. तिचा ताप दाणदाण आला, हळूहळू उतरला, आणि एका सकाळी दाराआडून आवाज आला, "आई, मला पोहे पाहिजे." मी जिन्यातच बसून हसले. बाबांचं उलटं होतं. त्यांचं दुखणं मुंगीच्या पावलाने आलं होतं. ते थोडं कमी जेवू लागले, म्हाताऱ्या माणसाचं चालायचंच. दुपारी जास्त झोपू लागले, ताप आहे, झोपणारच. दाण्यांची वाटी तशीच राहू लागली. खोकत होते, पण खोकत तर ते माझ्या जन्मापासून होते. प्रत्येक गोष्ट नेहमीची होती. त्यांच्या गोळ्या आल्या, त्यांनी त्या घेतल्याही, पण आता वाटतं तोवर बरंच होऊन गेलं होतं.

मुलगी बरी झाल्यावर एका दुपारी तिनेच ते बोटाचं यंत्र दाराबाहेर ठेवलं. "आई, आबाजींचं बघ एकदा." मी खाली आणून बाबांच्या बोटाला लावलं. आकडा फार खाली होता. बाबांनी बोट काढून यंत्र उलटंसुलटं पाहिलं. कंट्रोल रूमची सवय, काटा वाकडा दिसला की आधी मीटरवर संशय घ्यायचा.

"सेल गेला असन," ते म्हणाले. "तुया बोटाले लावून पाहा."

मी माझ्या बोटाला लावलं. माझा आकडा जसा असायला हवा तसा होता. पुन्हा त्यांच्या बोटाला लावलं. खालीच. ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मीटर ठीक आहे हे त्यांना माझ्याआधी कळलं असणार. पण ते एवढंच म्हणाले, "हात गार पडले असन."

ऑटोतून दवाखान्यात नेलं. निमोनिया झाला होता, दोन्ही बाजूंनी. जुन्या राखेने पोखरलेली छाती, तिच्यात उरलेली जागा कमी होती, असं तिथल्या डॉक्टरांनी आपल्या भाषेत सांगितलं. तिथे त्यांनी करायचं ते सगळं केलं. कोणाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार असती तर बरं झालं असतं, कुठेतरी राग टेकवता आला असता.

ते दवाखान्यात असताना मी मधे घरी येऊन एका नवरीच्या शालूला फॉल लावला, कारण तिची हळद जवळ आली होती. टाका सरळ आला. मशीन थांबल्यावर लक्षात आलं की घरात खोकल्याचा आवाज नाही. इतकी वर्षं तो मला ऐकू येत नव्हता, आणि नव्हता तेव्हा ऐकू आला.

एका सकाळी मी त्यांच्यापाशी गेले. नाकातोंडावर मास्क होता. त्यांनी तो थोडा सरकवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "नवीन काही?"

मी म्हटलं, "नाही बाबा. नेहमीचंच."

त्यांनी मान हलवली आणि मास्क पुन्हा लावून घेतला. दुसऱ्या दिवशी ते गेले. अग्नी माझ्या नवऱ्याने दिला.

मग लोक येऊ लागले आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, कशानं गेले? मी सांगायची, फ्लूने. त्यांची नजर जिन्याकडे जायची. मी सांगायची, नाही, तो नवा नाही, बाबांचा साधा होता. यावर चेहऱ्यावर जे यायचं ते मी पाठ केलं आहे. आधी गोंधळ, मग थोडा अविश्वास, मग समजूतदारपणा. म्हणजे आईला पोरीची बाजू घेणं भाग आहे, घेऊ द्या बिचारीला. साध्या फ्लूने माणूस मरतो हे कोणाला पटत नव्हतं. नवा रोग पुण्याहून आला, पोर वाचली आणि म्हातारा गेला, ही गोष्ट जास्त पटण्यासारखी होती. खरं तर तिला सांगणाऱ्याची गरजच नव्हती, ती आपोआप गल्लीभर झाली.

आत्या उमरेडहून आली ती तेरवीपर्यंत राहायलाच आली. बाबांवर तिचा फार जीव. ती दुष्ट नाही, दुःखात तिला दोष द्यायला कोणीतरी हवं होतं. येणाऱ्या बायकांपाशी बसून ती पदर डोळ्याला लावायची. "पोरीनं आणला वं माय रोग पुण्याहून. येतानी आजारी होती तं काहून आली? भाऊ चांगला हिंडत-फिरत होता माया." आमच्या घराला जिना आतूनच आहे. खाली बोललेलं वर स्वच्छ ऐकू जातं.

मुलगी वरच राहत होती. डॉक्टरीणबाईंनी ती पूर्ण बरी झाल्याचं सांगितलं होतं, तरी ती मास्क काढत नव्हती. जेवायला खाली येत नव्हती. त्या लाल ठिपक्याच्या ताटातच जेवायची, स्वतः घासायची आणि दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवायची. मी दोन्ही रिपोर्ट तिच्यासमोर धरले. "बघ, वाच. तुझा वेगळा, आबाजींचा वेगळा. तुझा त्यांना लागलाच नाही. डॉक्टरांनी सांगितलं ना."

"वाचलंय आई," ती म्हणाली. "मला कळतं ते."

"मग?"

"कळतं. पण मला खाली नको बोलावू."

मी खाली आले. बाबा गेल्याचं जे काय होतं ते माझ्यात कुठेतरी गोठून पडलं होतं, पण हे मात्र आरपार लागलं. ही पोर आयुष्यभर स्वतःला खुनी समजणार, याची मला स्वच्छ भीती वाटली. आणि त्याच्याच खाली एक दुसरी गोष्ट होती, जी मी बोलत नव्हते. आबाजींना तिचा नाही लागला, तर कोणाचा लागला? मी हा प्रश्न मोठ्याने विचारला नाही. नवऱ्यानेही नाही. पण त्या दिवसांत तो बाबांच्या खाटेवर बसायचा बंद झाला होता. दुकानातून आला की उभाच राहायचा, मग मागच्या अंगणात जाऊन उगाच नळाखाली हात धुवायचा. त्याची सर्दी केव्हाच बरी झाली होती, आपोआप, सर्दी बरी होते तशी.

तेरवीला माणसं बरीच आली. कॉलनीतले जुने लोकही आले, बहुतेक सगळे खोकणारे. वांगं-बटाट्याची भाजी, वडे, बुंदी असा स्वयंपाक होता. नवरा वाढायला होता. शेवटच्या पंगतीला घरचे आणि जवळचे बसले. मुलीचं पान मांडलं होतं, ते रिकामं होतं. एका चुलत बहिणीने विचारलं, "पोरगी काहून नाही आली जेवाले?"

आत्या म्हणाली, "कशी येईल वं? तिलेही माहीत हाय न, आबाजीले कोणाचा रोग भोवला तं."

नवऱ्याच्या हातात बुंदीची बादली होती. त्याने ती खाली ठेवली. तो चारचौघांत मोठ्याने बोलणारा माणूस नाही, दुकानातही गिऱ्हाइकाला भाव हळूच सांगतो.

"आत्याबाई," तो म्हणाला, "पोरीचं नाव नका घेऊ. तिचा येगळा होता. बाबांले माया सर्दीनं धरलं."

आत्याचा घास हातातच राहिला.

"मीच शिंकत होतो," तो म्हणाला. "त्यायच्या खाटेवर बसत होतो रोज. एका वाटीतले दाणे खाल्ले आम्ही. पोरगी तवा आलीही नव्हती पुण्याहून."

"काहीही नको बोलू गा," आत्या म्हणाली. "साध्या सर्दीनं कोणी मरते काय?"

"मरते," नवरा म्हणाला. "आपल्या घरी मेले."

कॉलनीतले एक म्हातारे गृहस्थ ताटाकडे बघत मान हलवत राहिले. आत्याने घास ताटात परत ठेवला आणि पदर तोंडाला लावला. नवऱ्याने स्वयंपाकघरातून दोन माणसांचं वाढून घेतलं आणि जिना चढला. मी मागोमाग गेले, पण जिन्याच्या वळणावरच थांबले. वर दाराबाहेर ते लाल ठिपक्याचं ताट भिंतीला टेकवलेलं होतं. त्याने हातातलं सगळं त्या ताटात काढलं, दार ढकललं आणि आत जमिनीवर बसला. "ये," तो म्हणाला, "एकटा जेवत नाही मी." मुलीने मास्क काढला की नाही ते मला दिसलं नाही. बऱ्याच वेळाने भात कालवल्याचा आवाज आला.

पाहुणे गेल्यावर मी मागच्या अंगणात भांडी घासायला बसले. नवरा विसळायला आला. मुलगी खाली उतरली होती आणि आतल्या खोलीत आत्याच्या शेजारी बसली होती. नळ वाहत होता. मी हळूच विचारलं, "अहो, तुम्हाला खरंच वाटतं, तुमच्याकडून गेला असं?"

त्याने लाल ठिपक्याचं ताट विसळलं, पालथं घातलं.

"काय माहीत," तो म्हणाला. "माया असन, का ते फिराले जात तवा कोणापासून आला असन. माया घशातला नमुना कोणी घेतला? कोण सांगन? पण कोणाच्या तरी नावावर जाणारच होता तो. पोरीच्या नको."

मला तेव्हा रडू आलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा आलं, आणि इतकं आलं की हातातला काथ्या सुटून मोरीत पडला. नवऱ्याने नळ बंद केला आणि तिथेच माझ्याजवळ उकिडवा बसून राहिला.